गर्दी टाळून आणलेले मामाजी

नागपुरातून कोणाला गाडीनं लांबच्या प्रवासाला निघायचं असलं की आमच्या नातेवाइकांत पहिला फोन मला येतो. मी ट्रॅव्हल्सवाला नाही, एका शाळेत चित्रकला शिकवतो. पण जबलपूरच्या वाटेवर कोणत्या गावात कोणत्या वारी बाजार भरून रस्ता बुजतो, हैदराबादकडे जाताना कुठल्या शाळा किती वाजता सुटतात, पुण्याला जायचं तर कोणतं शहर सकाळी आठच्या आत मागं टाकायचं, हे मला माझ्या मुलीच्या वाढदिवसापेक्षा पक्कं पाठ आहे. वाढदिवस एकदा चुकलाही आहे. बाजार कधी नाही.

रस्ता मी तोंडी सांगत नाही. तोंडी सांगतात ते पानठेल्यावरचे. मी रस्ता काढून देतो. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू, सहा रंगांचे स्केचपेन. लाल म्हणजे गर्दी, हिरवा म्हणजे मोकळा रस्ता, जिथं चहा चांगला मिळतो तिथं वाफ निघणारा छोटा कप. मोबाइलात रस्ता सांगणारी एक बाई असते, तिच्याशी माझं जुनं वैर आहे. तिला काय ठाऊक की मंगळवारी त्या चौकात बैलांचा बाजार असतो? ती आपली गोड आवाजात "सरळ जा" म्हणते आणि माणूस शिंगांच्या मधोमध जाऊन उभा राहतो.

पत्रिका हातात देण्याआधी मी ती जेवणाच्या टेबलावर पसरून वाचून दाखवतो. आवाज खाली आणतो. "इथं," मी बोट ठेवतो, "इथं शहर तुमची वाट पाहत बसलं असेल. ट्रक, ऑटो, सिग्नल, सगळे तयार. आणि तुम्ही? तुम्ही केव्हाच त्याच्या मागून निघून गेलेले!" लोक हसतात, चहा पितात, पत्रिका घेऊन जातात. आमची बायको स्वयंपाकघरातून म्हणते, "जाऊन राहिले लग्नाले, अन् हे पाठवून राहिले डाका टाकाले."

ही सगळी माझी हौस. तिच्यापायी कोणाचं काही बिघडलं नाही, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. एका माणसाचं बिघडलं. माझ्या मामाजींची एका माणसाशी वर्षातून एकदाच होणारी भेट माझ्या एका उत्कृष्ट पत्रिकेनं चुकवली, आणि ती पुन्हा काही झाली नाही. हा किस्सा मी अर्धा पुष्कळांना सांगितला आहे, कारण अर्ध्यापर्यंत तो फार गमतीचा आहे.

मामाजी भिलाईला राहतात. तिथल्या कारखान्यात आयुष्य गेलं, आता मुलीजवळ असतात. छप्पन साली दीक्षाभूमीवर माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा मामाजी चार वर्षांचे होते, आजोबांच्या खांद्यावर. त्यांना त्या दिवसाचं दुसरं काही आठवत नाही. "मले फक्त डोकी आठवतात," ते म्हणतात, "जिकडं पाहाव तिकडं डोकी." नोकरीला लागल्यापासून दर दसऱ्याला ते भिलाईच्या मंडळींबरोबर रेल्वेनं नागपूरला येत. आमच्याकडं उतरत नसत. दोन दिवस त्या मैदानाच्या आसपास राहून, पुस्तकांचा गठ्ठा बांधून परत जात. आई असताना ती कुरकुर करायची, "भाऊ गावात येते अन् बहिणीच्या घरी येत नाही." मामाजी पुढच्या वर्षी पुन्हा तसंच करत.

तीन वर्षांपूर्वी दसरा पंधरा दिवसांवर आला असताना मामेबहिणीचा फोन आला.

"दादा, बाबाले यंदा मी रेल्वेनं नाही पाठवत. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने नाही झाले अन् हा माणूस जनरलच्या डब्यात चढाले निघाला. तूच काही रस्ता काढ."

रस्ता काढ! हे दोन शब्द माझ्याशी बोलताना जपून वापरावेत. मी लगेच मामाजींना फोनवर बोलावलं.

"मामाजी, मी स्वतः गाडी घेऊन येतो. पण दसरा होऊन जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी आपण भिलाईहून निघू, तिसऱ्या दिवशी सकाळी आरामात दर्शन."

"त्या दिवशी नाही?"

"त्या दिवशी अर्धे रस्ते बंद राहतात. गाडी कुठंतरी दूर सोडा, मग पायी. तुमच्या गुडघ्याले झेपन का?"

"पण त्या दिवशी लोक राहतात गा."

"तेच तर टाळायचं आहे, मामाजी!"

मग ते म्हणाले, "बरं."

हा संवाद मी दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तर लोकांना दोन्ही आवाज काढून करून दाखवला. सगळे पोट धरून हसले. घरी बायकोला करून दाखवला, ती हसली नाही.

"ते असं काहून म्हणाले, विचारलं का तुम्ही?"

"त्यात विचाराचं काय? म्हाताऱ्या माणसाले गर्दी आवडते."

"त्याईले आधीच आणा न मग. आठ दिवस राहतील आपल्याकडं. दसऱ्याच्या दिवशी मी हात धरून हळूहळू पायी नेईन. जागोजागी लोक बसाले जागा देतात, पाणी देतात. काय होते?"

तिचं म्हणणं सोपं होतं आणि बरोबर होतं. पण माझी पत्रिका रंगवून झाली होती. खरं सांगायचं तर त्यापलीकडं माझ्याकडं काही कारण नव्हतं. तशी पत्रिका मी आयुष्यात काढली नव्हती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा नागपूरच्या पूर्वेकडचा रस्ता, कामठीची बाजू, सगळं भरलेलं असतं. मी ते सगळं टाळून, शहराला उत्तरेकडून पूर्ण वळसा घालून, पश्चिमेला काटोल रोडवरच्या आमच्या घरी मागच्या दारानं शिरणार होतो. हिरव्या स्केचपेनची शाई संपली, नवा आणला.

भिलाईहून आम्ही सकाळी सहाला निघालो. मामाजी इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून दारात तयार बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा.

"डिक्कीत ठेवू का?" मी विचारलं.

"राहू दे. ठेठरी-खुरमी आहे."

"आमच्यासाठी?"

"तुमच्यासाठी वेगळी दिली पोरीनं. मागं ठेवली."

मग डब्यातलं हे छत्तीसगडी तळण कोणासाठी, हे मी विचारलं नाही. मी गाडी सुरू केली आणि घड्याळ पाहिलं. आम्ही चार मिनिटं पुढं होतो.

राजनांदगाव मागं पडलं आणि समोरून गाड्या यायला लागल्या. दसरा करून परत निघालेले लोक. टेम्पो, बस, ट्रक, निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, खिडकीला टेकून झोपलेल्या बाया, टपावर पुस्तकांचे गठ्ठे. मामाजींनी काच खाली केली. प्रत्येक गाडीला हात दाखवून ते "जयभीम" म्हणत. काही गाड्यांतून उत्तर येई, काही गाड्या तशाच निघून जात. एका ट्रकमधल्या म्हातारीनं तर दोन्ही हात जोडले आणि ओरडून काहीतरी विचारलं. बहुतेक, तुम्ही उलटे कुठं चालले, असं.

"हे सारे परत जाऊन राहिले," मामाजी म्हणाले.

"पाहा ना! अन् आपली बाजू कशी मोकळी आहे!"

मी शिट्टी वाजवत होतो, हे मला आठवतं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

देवरीला मी मोठा रस्ता सोडून उजवीकडं वळलो. "आता पाहा गंमत."

"हा कोणता रस्ता गा?"

"आमगाव. मग गोंदियाच्या बाहेरून तिरोडा, तुमसर, रामटेक."

"रामटेक? आपल्याले नागपूरले जायचं आहे न?"

"नागपूरलेच. पण नागपूरले पत्ता न लागू देता."

ते हसले. मामाजी हसण्यात कंजूष नाहीत. पण त्या वळणानंतर रस्त्यावर झेंडे नव्हते, टेम्पो नव्हते. दोन्ही बाजूला पिवळा पडत आलेला धान आणि मधून आमची एकटी गाडी. थोड्या वेळानं मामाजींनी काच वर केली. मला वाटलं, त्यांना वारा लागला असेल.

रामटेकला पत्रिकेतल्या कपाच्या जागी चहा घेतला. मग मनसर, मग खाप्याजवळ कन्हान ओलांडली, सावनेर, आणि एमआयडीसीची पाळी सुटायच्या आत कळमेश्वर. दुपारी साडेचारला आमच्या फाटकात गाडी उभी केली तेव्हा मी दोन्ही हात पसरून, नाटकातल्या राजासारखा, जाहीर केलं की भिलाईपासून इथपर्यंत आपण एकाही सिग्नलवर थांबलेलो नाही.

"नागपूर आलं का?" मामाजींनी विचारलं.

"आलं!"

"दिसलं नाही कुठं."

यावर घरातले सगळे हसले. इथपर्यंतच मी हा किस्सा सांगत असे. गाडीतून उतरताना त्यांना दोघांनी धरावं लागलं, कारण माझा मोकळा रस्ता सरळ रस्त्याच्या जवळजवळ दीडपट लांब होता आणि इतके तास वाकवून ठेवलेला गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. ज्या गुडघ्यासाठी हे सगळं केलं तोच. बायकोनं पाणी गरम केलं आणि शेकायला बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना दीक्षाभूमीवर नेलं. गाडी थेट जवळपर्यंत गेली, सावलीत जागा मिळाली. माझा आनंद पाहण्यासारखा होता. समोर मैदान रिकामं होतं. सफाईवाल्या बाया पत्रावळी आणि पाण्याचे पाऊच ढिगानं गोळा करत होत्या. मांडवांचे बांबू सोडून ट्रकवर चढवणं चालू होतं. आत स्तूपात जेमतेम पाचपन्नास माणसं. मामाजींनी शांतपणे वंदन केलं, पाच मिनिटं बसले. मग काठी टेकत ते बाहेर आले आणि गाडीकडं न येता रस्त्याच्या पलीकडं चालू लागले. पिशवी खांद्याला होती.

"मामाजी, गाडी इकडं आहे."

"आलो."

पलीकडं एका कडुनिंबाखाली ते थांबले. झाडाच्या बुंध्याभोवती फिरून आले, जणू पलीकडच्या बाजूला कोणी बसलेलं असावं. तिथंच एक बाई आपल्या स्टॉलवरची उरलेली पुस्तकं खोक्यात भरत होती. मामाजींनी तिला विचारलं, "काय वं माय, इथं एक बुढा बसला होता का? उंच, दाढी आहे, काठीले निळी चिंधी बांधलेली?"

बाईनं हात थांबवले. "कळमनुरीकडचे?"

"हो, हो. तेच."

"दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून बसून होते न ते. तुम्ही भिलाईचे पाहुणे का?"

मामाजींनी मान हलवली.

"अरे देवा. तीनदा विचारलं त्याईनं मले, भिलाईचे पाहुणे दिसले का म्हणून. त्याईच्या गावचे लोक काल सकाळीच जाऊन राहिले होते, तर हे उठतच नव्हते. दुपारून त्याईचा पोरगा आला अन् घेऊन गेला." मग ती जरा ओशाळून म्हणाली, "भाकरी अन् चटणी आणली होती त्याईनं. खराब होईल म्हणून मलेच खाऊ घातली. चांगली होती."

काल दुपारी. काल दुपारी मी तिरोड्याच्या पुढं रिकाम्या रस्त्यावर होतो. मोठ्या रस्त्यानं आलो असतो, सिग्नलवर, ट्रकांच्या मागं, गर्दीत अडकत थेट इथं आलो असतो, तरी कदाचित गाठ पडली असती. हा हिशेब मी तिथंच उभ्या उभ्या केला, कारण अंतरं आणि वेळा मला तोंडपाठ आहेत. त्यानंतर तो किती वेळा केला ते सांगत नाही.

बाईनं आम्हाला स्टूल दिलं. मामाजींनी डबा उघडला आणि ठेठरी तिच्यापुढं धरली. मग मला सगळं सांगितलं. रागानं नाही, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट असावी तसं.

तीसेक वर्षांपूर्वी इथल्या चेंगराचेंगरीत मामाजींची डावी चप्पल हरवली आणि कळमनुरीकडच्या एका माणसाची उजवी. दोघं या झाडाखाली आपापली एकेक चप्पल घेऊन उभे. "दोघाईची मिळून एक जोडी बरोबर झाली," मामाजी म्हणाले. "तो म्हणे तुम्ही घाला, मी म्हणो तुम्ही घाला. तासभर भांडलो. शेवटी दोन्ही इथंच ठेवल्या, अन् अनवाणीच जेवाले बसलो." तेव्हापासून दर वर्षी, याच झाडाखाली, त्यांची भाकरी-चटणी आणि मामाजींची ठेठरी-खुरमी. एका वर्षी त्यांची बायको वारली होती, तरी ते आले. मामी गेली त्या वर्षी मामाजी आले.

"फोन नाही का त्याईचा?" मी विचारलं.

"होता एक. तो केव्हाचाच बंद पडला. नवा मागाचा राहून गेला. वाटे, फोन कायले पाहिजे? दिवस तर पक्का आहे."

"नाव काय त्याईचं?"

मामाजी माझ्याकडं पाहत राहिले. "मी पाहुणे म्हणतो."

"अन् ते तुम्हाले?"

"पाहुणेच म्हणतात."

"गाव?"

"कळमनुरीच्या अलीकडं का पलीकडं. नदी आहे म्हणतात."

माझ्याकडं महाराष्ट्रातल्या प्रत्येक वळणाची माहिती होती आणि जायचं गाव नव्हतं. मी म्हटलं, "मामाजी, तुम्ही मले फोनवर सांगितलं असतं तर."

"सांगितलं न. म्हटलं, त्या दिवशी लोक राहतात."

शाळेत, दोन्ही आवाज काढून, मी तेच वाक्य करून दाखवलं होतं.

पुढच्या वर्षी मामाजी दसऱ्याच्या चार दिवस आधी आमच्याकडं आले. मी त्यांना मोठ्या रस्त्यानं आणलं, भंडाऱ्यातून, पारडीतून, प्रत्येक सिग्नलला थांबत. दसऱ्याच्या सकाळी गाडी लांब सोडून आम्ही तिघं पायी निघालो. बायको त्यांच्या एका हाताला, मी दुसऱ्या. गुडघ्यानं मुळीच त्रास दिला नाही. दर शंभर पावलांवर कोणीतरी खुर्ची द्यायचं, कोणी पाणी, कोणी पुरीभाजी हातात ठेवायचं, आणि मामाजी नवरदेवासारखे सगळ्यांचं घेत घेत चालले होते. झाडाखाली पोचलो. पाहुणे नव्हते. संध्याकाळपर्यंत नव्हते. दुसऱ्या दिवशीही नव्हते.

"पोरानं येऊ दिलं नसन," मामाजी म्हणाले. "किंवा कोणी गाडीवाला भेटला असन, म्हणन गर्दी सरल्यावर जाऊ." हे बोलून त्यांनी मला डोळा मारला. मला हसायला हवं होतं. मी प्रयत्न केला.

त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. स्टॉलवाल्या बाईनं आता आमच्यासाठी तीन खुर्च्या आधीच मांडून ठेवल्या होत्या. तिलाही दिसले नव्हते. हिवाळ्याच्या सुट्टीत मी एकटाच कळमनुरीला जाऊन आलो. घरी सांगितलं, शाळेचं काम आहे. दोन दिवस नदीकाठच्या गावांतून फिरलो. उंच, दाढीवाला, काठीला निळी चिंधी. चार गावांत चार वेगवेगळे म्हातारे दाखवले लोकांनी, सगळे प्रेमानं भेटले, चहा पाजला. त्यातला एकही भिलाईच्या पाहुण्यांना ओळखत नव्हता. मी हे मामाजींना कधी सांगितलं नाही.

पत्रिका अजून काढतो. लोक मागतात, नाही म्हणता येत नाही. पण आता आधी विचारून घेतो: वाटेत कोणी आहे का तुमचं? कोणाला भेटायचं राहिलं आहे का? लोकांना वाटतं, मी वयानं जरा चौकस झालो. बहुतेक जण म्हणतात, नाही, कोणी नाही, तुम्ही बाहेरूनच काढा.

यंदाच्या दसऱ्याला आम्ही पुन्हा त्या झाडाखाली होतो. मामाजी आता गर्दीकडं फार पाहत नाहीत, डबा मांडीवर घेऊन बसतात. दुपारी तीनच्या सुमारास समोरून एक जथा आला. पुढच्या दोघांच्या हातात कापडी फलक होता, त्यावर कळमनुरी तालुक्याचं नाव स्पष्ट लिहिलेलं. मी ताडकन उठलो.

मामाजींनी माझी बाही धरली. "कुठं चालला?"

"विचारतो न. हे तिकडचेच आहेत. कोणाले तरी माहीत असनच."

"नको विचारू."

"काहून, मामाजी? आज तर..."

"बस खाली. विचारलं तं कोणी सांगूनच टाकीन."

त्यांची पकड चांगलीच घट्ट होती. मी बसलो. बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. जथा आमच्या अगदी पुढ्यातून, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून गेला. पन्नासेक माणसं असतील, त्यात म्हातारे बरेच. मी एकेका काठीकडं पाहत होतो. मामाजी मात्र तोंड फिरवून स्टॉलवरचं एक पुस्तक हातात घेऊन त्याच त्या ओळी वाचत राहिले. शेवटचा माणूस पुढं निघून जाईपर्यंत त्यांनी पान उलटलं नाही.